बंद पाडलेला पंप

मिस्त्रींना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला, तेव्हा कामावरचे लोक मिस्त्री म्हणू लागले. मग गल्लीतले म्हणू लागले, आणि शेवटी बायकोही. ती मात्र रागात असली की 'अहो मिस्त्री' म्हणायची आणि एरवी नुसतं 'अहो'. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट नुसत्या आवाजावरून कुठे अडली आहे ते ते सांगत. त्याचा त्यांना थोडा गर्व होता, आणि तो लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

जावई दातांचा डॉक्टर. माणूस सालस, बोलायला मऊ, पण घरातला दिवा बदलायचा तरी खुर्चीभोवती तीन वेळा फिरणारा. मिस्त्रींचं त्याच्याशी वाकडं नव्हतं, पण जमतही नव्हतं. जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर आले की पंखा, हवामान आणि रस्त्यातले खड्डे एवढ्यावर गाडी संपायची. म्हणून जावयानं फोन करून बोट घेतल्याचं सांगितलं तेव्हा मिस्त्री हबकलेच. फोन आधी बायकोनं घेतला होता. तिनं ऐकलं काय नि समजली काय, "अगं बाई, कोणतं? दारात सापडलं का?" म्हणून तिनं हळदीचा डबा शोधायला सुरुवातही केली. हाताचं बोट नव्हे, पाण्यातली बोट आहे हे कळल्यावर तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि खाली बसली.

बोट जुनी होती, पण दिसायला टुमदार. पुढे झोपायची छोटी केबिन, मध्ये बसायची जागा, एका कडेला सिंक आणि शेगडी, मागे फळ्यांखाली इंजिन. शहराबाहेरच्या मोठ्या तलावाच्या धक्क्याला ती बांधलेली असायची. ज्यांच्याकडून घेतली ते गृहस्थ किल्ल्या देऊन परदेशी निघून गेले होते, आणि बोटीत कुठे काय आहे हे सांगायला मागे कोणी नव्हतं. जावई सुट्टीच्या दिवशी जायचा, लाकडाला पॉलिश करायचा, गादीवर बसून पुस्तक वाचायचा आणि परत यायचा.

मग एक दिवस शेजारच्या बोटीवर राहणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं की तुमच्या बोटीतला पंप आपोआप चालू होतो. माणूस नाही, काणूस नाही, आणि मध्येच घर्रर्र सुरू. थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा सुरू. जावयानं एक अख्खी दुपार बसून ऐकलं. खरंच होतं. सिंकचा नळ बंद, छोट्या न्हाणीतला नळ बंद, आणि तरी सिंकखालच्या कपाटात कोणीतरी घोरत असल्यासारखा आवाज. शेवटी लेकीनं बापाला फोन केला. नवऱ्याला स्वतः विचारायची लाज वाटत होती हे तिनं सांगितलं नाही, पण मिस्त्रींनी ते ओळखलं आणि मनातून सुखावले. म्हणाले, येतो, हत्यारांची पिशवी घेऊन येतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे धक्क्यावर जमले. मिस्त्री, त्यांची बायको, लेक, जावई आणि वर्षाची नात. नातीला सगळे ठकी म्हणत. बेत असा होता की पंप दुरुस्त करायचा आणि मग तलावात एक फेरी मारून मधल्या बेटाजवळ डबे उघडायचे.

मिस्त्री बोटीत उतरले ते थेट सिंकखालच्या कपाटाशी. आत एक पंप दिसत होता, त्याच्यामागे नळ्या आणि वायरींचा गुंता, आणि घरघर त्या क्षणी चालूच होती. त्यांनी जावयाला समजावून सांगितलं की बोटीतल्या नळाला पाणी टाकीतून येतं आणि ते ढकलायला हा पंप असतो. नळ उघडला की नळीतला दाब कमी होतो, पंपाला ते कळतं, तो चालू होतो. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. आता नळ बंद असूनही हा चालतोय, म्हणजे एकतर पाणी कुठेतरी गळतंय, नाहीतर दाब ओळखणारं बटण अडकलंय. जावई मन लावून ऐकत होता. एवढं सलग बोलणं त्या दोघांत पहिल्यांदाच होत होतं.

मिस्त्रींनी सिंकचा नळ उघडून बघितला. पाणी धो धो आलं. बंद केला, पाणी थांबलं. पंपाची घरघर मध्ये जरा वाढल्यासारखी वाटली, मग पुन्हा पहिल्यासारखी झाली. त्यांच्या कानांनी ते टिपलं आणि डोक्यानं सोडून दिलं. त्यांनी नळाच्या नळ्यांवरून, जोडांवरून हात फिरवला. सगळं कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात धक्क्यावर उभी असलेली बायको हसत म्हणाली, "अहो, ही बोट शू करतेय बघा."

सगळ्यांनी हसत हसत वाकून बघितलं. बोटीच्या कुशीतल्या एका भोकातून पाण्याची धार तलावात पडत होती. ठकीनंही त्या धारेकडे बोट दाखवून काहीतरी भाषण केलं. मिस्त्रींनी एक क्षण विचार केला आणि सांगून टाकलं की बरोबर आहे, पंप थांबत नाही म्हणून जास्तीचं पाणी बाहेर जाण्याची ती सोय आहे. उत्तर इतकं सहज आलं की त्यांना स्वतःलाही शंका आली नाही.

मग त्यांनी स्विचबोर्डवरचं 'पाणी' लिहिलेलं बटण बंद केलं. पंप चालूच. मुख्य बटण बंद केलं. बोटीतले दिवे गेले, पंखा थांबला, पंप मात्र आपला चालूच. जावयाचं तोंड उघडं राहिलं. मिस्त्री हसले. असल्या गाठी सोडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बटण बंद करूनही चालतो, म्हणजे याला वीज परभारे मिळतेय. कोणा अर्धवट माणसानं वायर थेट बॅटरीला जोडून ठेवली असणार. ते गुडघ्यांवर बसून वायरीचा माग काढत मागे गेले आणि बॅटरीच्या पेटीशी पोचले. तिथे एकटीच एक वायर वेगळी येत होती, तिच्यावर फ्यूजची छोटी डबी होती. त्यांनी डबी उघडली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि फ्यूज ओढून काढला.

घरघर बंद झाली.

लेकीनं टाळ्या वाजवल्या. बायको धक्क्यावरून म्हणाली, "थांबली हो धार." जावई इतका खूश झाला की सासऱ्यांचा हात हातात घेऊन हलवत राहिला. मिस्त्रींनी फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले की आता नळाला पाणी येणार नाही, पण एक दिवस भागेल, पुढच्या खेपेला नवं बटण आणून बसवतो. बाटल्यांमधून पाणी आणलेलं होतंच. बंद केलेली दोन्ही बटणं पुन्हा चालू केली, दोर सोडले आणि बोट निघाली.

तलाव शांत होता. ऊन होतं, पण बोचरं नव्हतं. जावई सुकाणूवर उभा राहिला की वेगळाच माणूस दिसायचा, पाठ ताठ, डोळे लांब. मिस्त्री त्याच्याकडे बघत होते आणि आपण याला आजवर फार कमी लेखलं असं त्यांना वाटत होतं. बायकोनं थर्मासमधला चहा ओतला. जावयानं गाणी लावली. ठकी पेंगुळली, तेव्हा लेकीनं तिला पुढच्या केबिनमध्ये नेलं. तिथला पलंग उंच आणि अरुंद होता, पोर लोळून पडेल म्हणून तिनं गादी खाली फळ्यांवर अंथरली आणि ठकीला तिथे निजवलं. दार अर्धवट ओढून ती बाहेर आली. हातात दुधाची रिकामी बाटली होती.

बेट जवळ आलं होतं. मिस्त्री जावयाला सांगत होते की लिफ्टमध्ये आणि बोटीत तसा फार फरक नाही, दोन्हीत माणसं आपला जीव यंत्राच्या हवाली करून निवांत बसतात. जावई हसला. मागे लेक सिंकशी उभी होती. सवयीनं तिनं बाटली नळाखाली धरली आणि नळ सोडला.

पाणी आलं.

पाण्याबरोबर सिंकखालून घर्रर्र असा आवाज आला. तिनं बाटली विसळली, नळ बंद केला, आवाज थांबला. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं. लेकीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. बायकोलाही नाही.

मिस्त्रींचं वाक्य मात्र तोंडातच राहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला. फ्यूज तिथेच होता. ते उठून सिंकपाशी आले आणि लेकीला म्हणाले की पुन्हा सोड. तिनं सोडला. पाणी, घरघर. बंद केला. शांत. अगदी निरोगी पंप, नळ उघडला की चालणारा, बंद केला की थांबणारा.

"बाबा, झाला की दुरुस्त," लेक म्हणाली.

"हा बिघडलाच नव्हता," मिस्त्री म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "मग मी बंद काय केलं?"

प्रश्न कोणाला कळलाच नव्हता. मिस्त्री खाली वाकले आणि कपाटातला वायरींचा गुंता हातानं बाजूला सारला. पंपाच्या मागे, अगदी तसाच, त्याच कंपनीचा, तेवढाच दुसरा पंप बसवलेला होता. पुढचा आता गप्प होता. मागचा तर सकाळपासून त्यांनी गप्प केलेला होता. त्या मागच्या पंपाची जाड नळी नळाकडे जात नव्हती, टाकीकडेही नाही. ती सरळ खाली, बोटीच्या तळात उतरली होती.

त्यांनी पायाखालच्या फळीच्या कडीत बोट घातलं आणि फळी उचलली. खाली अंधार असायला हवा होता. खाली आकाश होतं. खिडकीतून येणारा उजेड पाण्यावर हलत होता आणि ते पाणी फळीच्या इतकं जवळ होतं की फळीची खालची बाजू भिजली होती. त्यावर पॉलिशची एक चिंधी तरंगत होती.

मिस्त्री बघत राहिले. नंतर त्यांना वाटायचं की आपण तिथे युगं बसून होतो. खरं तर एखादा श्वासच गेला असेल. तेवढ्यात सगळा हिशेब एकदम डोक्यात लागला, कोणी विचारलं नसताना. हा पंप नळाचा नव्हता. बोटीत झिरपलेलं पाणी उपसून बाहेर फेकणारा होता. त्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली होती ती कोणाच्या अर्धवटपणामुळे नव्हे, तर बोटीवर कोणी नसताना, सगळी बटणं बंद असतानाही तो चालावा म्हणून. तो आपोआप चालत नव्हता. पाणी येत होतं म्हणून चालत होता. आणि ती धार.

"इंजिन बंद करा," ते म्हणाले. मग ओरडले, "जावईबापू, इंजिन बंद."

जावयानं मागे वळून उघडी फळी बघितली आणि काही न विचारता इंजिन बंद केलं. ते योग्यच होतं, कारण पाणी येत होतं ते मागून, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथे बोटीच्या बुडातून बाहेर जातो तिथल्या झिजलेल्या सांध्यातून. दांडा फिरला की पाणी दुपटीनं आत यायचं. पण चालत्या बोटीचं मागचं अंग खाली दबलेलं असतं आणि थांबल्यावर ते वर येतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मागे साठलेलं सगळं पाणी फळ्यांखालून एकदम पुढे धावलं. पायाखालून काहीतरी मोठं, जड जनावर सरकत गेल्यासारखं मिस्त्रींना जाणवलं. ते पुढच्या केबिनच्या दिशेनं गेलं.

लेकीच्या हातातली बाटली पडली. ती किंचाळली नाही. तोंडातून नुसता श्वास काढत ती धावली आणि दार ढकलून आत गेली. मिस्त्री तिच्यामागे. केबिनच्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं होतं आणि गादीभोवती पसरत होतं. गादीची कड काळी पडत चालली होती. मधोमध ठकी जागी होऊन बसली होती. ओल्या हाताकडे ती नवलानं बघत होती, आणि मग तिनं तो हात पुन्हा पाण्यावर आपटला.

लेकीनं तिला उचलली. ठकीचं झबलं पाठीशी ओलंचिंब होतं. अजून पाव तास हे दार ओढलेलंच राहिलं असतं तर, हा विचार मिस्त्रींच्या डोक्यात आला आणि तिथेच अडकला, पुढेही जाईना, मागेही येईना.

"मिस्त्री," बायको म्हणाली. ती रागात नव्हती. "फ्यूज लावा."

त्या शब्दांनी ते हलले. बॅटरीच्या पेटीशी गेले. पाणी पेटीच्या कडेखाली वीतभर राहिलं होतं. बॅटरी बुडाली असती तर मग पंप काय आणि इंजिन काय, काहीच चाललं नसतं. त्यांनी खिशातून फ्यूज काढला. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून, पाचव्या मजल्याच्या पोकळीवर, ज्या हातांनी त्यांनी केसाएवढ्या वायरी जोडल्या होत्या तेच हात आता पुढे झाले. फ्यूज डबीच्या तोंडाशी नेला, तो निसटला, आणि डुब्ब असा आवाजसुद्धा न करता पाण्यात गेला.

ते त्या जागेकडे बघत बसले. दुसरा फ्यूज कुठे असेल, कसा काढायचा, काही सुचेना.

मग शेजारी कोणीतरी गुडघ्यांवर बसलं. जावई होता. त्यानं गाण्यांच्या यंत्रामागचा फ्यूज उपटून आणला होता. मापाचा आहे का, एवढंच त्यानं विचारलं. मिस्त्रींनी बघितलं आणि मान हलवली. जावयानं दोन बोटांच्या चिमटीत तो धरला आणि डबीत नीट बसवला, एखाद्याच्या दाढेत चांदी भरावी तसा.

पंप चालू झाला.

पंप घरघरत होता आणि बाहेर धार पडत होती. बायकोनं डब्यातलं जेवण पिशवीत ओतलं आणि त्या डब्यानं पाणी उपसायला लागली. मिस्त्री पातेल्यानं उपसत होते. लेक ठकीला टॉवेलमध्ये गुंडाळून, लाइफ जॅकेट घालून मागच्या उघड्या जागेत बसली होती आणि बोटीच्या आत बघतही नव्हती. जावयानं शेजारच्या बाईंना फोन लावला. त्या आपली बोट घेऊन आल्या, दोर टाकला आणि ओढायला सुरुवात केली. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. उघड्या फळीतून त्यांना दिसलंच होतं.

धक्क्यावर आल्यावर बोटीच्या कारखान्यातला माणूस आला. त्यानं सांधा बघितला, पाना लावून आवळला आणि तात्पुरतं थांबेल म्हणाला. उद्या क्रेननं बाहेर काढू. पंप चांगला आहे, तो नसता तर ही केव्हाच धक्क्याला बुडाली असती, असंही तो जाता जाता म्हणाला. त्याला सकाळची गोष्ट माहीत नव्हती.

मिस्त्री धक्क्याच्या कठड्यावर जाऊन बसले. लिफ्टमध्येही असंच असतं. एखादी सुरक्षेची कळ सारखी सारखी लिफ्ट थांबवते, लोक वैतागतात, आणि नवशिका कारागीर ती कळ तारेनं बांधून टाकतो. असं करणाऱ्या एकाला त्यांनी सगळ्यांसमोर कामावरून काढलं होतं. ती का थांबवते ते आधी विचार, असं त्याला सुनावलं होतं. तो बिचारा लिफ्ट रिकामी असताना पकडला गेला होता. इथे गादीवर ठकी होती.

बायको येऊन शेजारी बसली. तिच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. "हसलो सगळेच," ती म्हणाली. "मी सगळ्यांत आधी."

त्यांनी मान हलवली, पण ते होकाराचं हलवणं होतं की नकाराचं, तिला कळलं नाही.

लेक अजून लांबच उभी होती. ठकी तिच्या खांद्यावर झोपली होती. बापाच्या जवळ यावं की येऊ नये असं तिचं चाललं होतं, हे मिस्त्रींना इथूनही दिसत होतं, आणि तिनं यावं असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं. जावई तिच्याशी काहीतरी बोलला. मग ती आलीच. पण बोलली ती भलतंच.

"बाबा, बूट ओले आहेत तुमचे. काढा. सर्दी होईल."

मिस्त्रींनी खाली बघितलं. बुटांतून पाणी गळत होतं, आणि ते त्यांना जाणवलंच नव्हतं. ते वाकले. ओल्या नाड्यांची गाठ घट्ट बसली होती. बोटं गाठीवर नुसती फिरत राहिली. एकदा ओढलं, गाठ आणखी आवळली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

जावई पुढे आला, धक्क्याच्या दगडांवर गुडघे टेकले आणि सासऱ्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

"जावईबापू, असू दे," मिस्त्री कसेबसे म्हणाले.

"बसा," तो म्हणाला. "बोट माझी आहे. दोन पंप आहेत हे मला माहीत असायला हवं होतं."

तो नखानं गाठीचा एक पदर हळूच वर काढू लागला. लेक ठकीला घेऊन कठड्यावर बसली, वडिलांना खांदा लागेल एवढ्या अंतरावर. मिस्त्री समोर बघत होते. त्यांचे दात वाजत होते, आणि ऊन तर अजून चांगलं होतं.